मागणीबरहुकूम गिटार : वादकाचे स्वप्न आणि कारागिराचा हात

प्रस्तावना

वाद्यांचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकाच्या हाती प्रामुख्याने दोन प्रकारची साधने लागतात. एक वादकांविषयीची : चरित्रे, ध्वनिमुद्रणे, मैफलींची वर्णने. दुसरी कारखान्यांची : मॉडेलांचे क्रमांक, किंमतपत्रके, विक्रीच्या वह्या. या दोहोंच्या मध्ये एक प्रसंग घडून गेलेला असतो आणि त्याची नोंद फार थोड्या वेळा होते. कोणी एक वादक कारागिराच्या दाराशी येतो आणि बाजारात जे मिळते ते मला पुरत नाही, असे सांगतो. त्याला नेमके काय हवे आहे हे बहुधा त्यालाही शब्दांत सांगता येत नाही. कारागीर ऐकून घेतो, लाकूड हातात घेतो आणि काही महिन्यांनी एक वस्तू उभी राहते. मागणीबरहुकूम घडवलेल्या गिटारचा इतिहास हा या प्रसंगांचा इतिहास आहे.

महाराष्ट्रातील वाचकाला हा व्यवहार अपरिचित नाही. मिरजेत तंबोरा घ्यायला गेलेल्या गायकाला कारागीर पहिला प्रश्न विचारतो तो पट्टीचा : काळी एक की पांढरी चार? स्त्री-गायिकेचा तंबोरा आणि पुरुष-गायकाचा तंबोरा यांची मापे वेगळी. भोपळ्याचा घेर, दांडीची लांबी, तारांची जाडी, सारे गळ्यावरून ठरते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी शस्त्रांना धार लावण्याचा पिढीजात व्यवसाय मागे ठेवून तंतुवाद्ये घडवण्यास आरंभ केला, तेव्हापासून तेथे हीच रीत आहे. अंगरखा मापाने शिवायचा असतो, तसा तंबोराही मापानेच करायचा असतो. त्यासाठी वेगळा शब्द योजण्याची गरज कोणाला भासली नाही.

गिटारचे तसे झाले नाही. एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत ती मोठ्या प्रमाणावर कारखान्यात तयार होऊ लागली. साहजिकच आपल्यासाठी खास घडवलेली गिटार हा अपवाद ठरला, आणि पुढे अनेक वादकांच्या मनात ते एक स्वप्नच होऊन बसले. प्रस्तुत लेखात अशा काही गिटारींचा मागोवा घेतला आहे. त्यामागील प्रतिपादन थोडक्यात असे : गिटारच्या रचनेतील बरेच निर्णायक बदल एखाद्या वादकाच्या हट्टातून उद्भवले, त्या हट्टाला रूप देण्याचे काम कारागिराच्या हाताने आणि लाकडाच्या मर्यादेने केले, पण इतिहासाने नाव लावले ते बहुधा वादकाचे.

तोरेस : बोटांच्या टोकांतील विद्या

आजच्या अभिजात गिटारचा जनक म्हणून आंतोनियो दे तोरेस (१८१७-१८९२) या स्पॅनिश कारागिराचे नाव घेतले जाते. हा अल्मेरियाजवळच्या खेड्यात जन्मलेला सुतार. सेव्हिल शहरात तो गिटारी करू लागला त्यामागे हुलियान आर्कास या वादकाचे प्रोत्साहन होते, असे त्याचे चरित्रकार नमूद करतात. आर्कासला मोठ्या दालनात ऐकू जाईल असा आवाज हवा होता. त्या काळची गिटार आकाराने लहान होती. घरगुती बैठकीत गोड वाटणारा तिचा स्वर रंगमंचावर विरून जाई.

यावर तोरेसने जो उपाय योजला तो नीट पाहण्याजोगा आहे. त्याने गिटारचे पोट मोठे केले, हे सहज दिसते. परंतु पोट मोठे केले की वरची तबली, म्हणजे स्प्रूस लाकडाची जी पातळ फळी प्रत्यक्ष कंप पावते ती, जाड करावी लागते, नाहीतर तारांच्या ताणाने ती खचते. जाड केली तर आवाज दबतो. तोरेसने तबली पातळच ठेवली, तिला किंचित घुमटासारखा फुगवटा दिला आणि आतल्या बाजूने पंख्याच्या काड्यांप्रमाणे पसरणाऱ्या, बहुधा सात, बारीक पट्ट्या चिकटवल्या. पंख्याची ही कल्पना सर्वस्वी त्याची नव्हती; त्याच्या आधीच्या अंदालुसियातील कारागिरांनी ती वापरलेली होती. तिचे प्रमाण मात्र त्याने बसवले. तारेची कंप पावणारी लांबी ६५० मिलिमीटर असावी हे आजचे रूढ मापही त्याच्याच गिटारींवरून स्थिरावले. १८५६ साली केलेली, पुढे ‘ला लेओना’ म्हणून ओळखली गेलेली त्याची गिटार आर्कासने वाजवली आणि तोरेसचे नाव झाले.

गिटारचा आवाज नेमका कोठून येतो याविषयी तोरेसच्या मनात एक निश्चित धारणा असावी. १८६२ साली त्याने एक विलक्षण गिटार केली. तिची पाठ आणि कडा कागदी पुठ्ठ्याच्या आहेत. लाकूड आहे ते तबलीला. मौल्यवान लाकडाची पाठ नसतानाही गिटार बोलते, कारण स्वर तबलीत असतो, हे दाखवण्यासाठी त्याने हा प्रयोग केला असे मानले जाते. ती गिटार आता बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. प्रबंध न लिहिता केलेला हा सिद्धांत होय. आमच्या विद्यापीठीय चौकटीत त्याला कोणत्या विद्याशाखेखाली बसवावे, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

फ्रान्सिस्को तारेगा १८६९ साली सेव्हिलला आला तेव्हा सतरा वर्षांचा होता. तोरेसने आधी त्याच्यापुढे एक साधी गिटार ठेवली. मुलाचे वादन ऐकल्यावर मात्र आतून १८६४ सालची, स्वतःसाठी राखलेली गिटार आणून दिली, अशी हकीकत सांगितली जाते. तपशील थोडाफार रंगवलेला असला तरी ती गिटार तारेगाच्या हाती आली आणि त्याने ती कित्येक वर्षे वाजवली, यात शंका नाही. पुढची स्पॅनिश वादनशैली बऱ्याच अंशी या वाद्यावर घडली. येथे मागणीचा क्रम उलटा झालेला दिसतो. वाद्य आधी तयार होते. त्याला साजेसा वादक नंतर आला.

एवढे नाव होऊनही तोरेसचे पोट या धंद्यावर भरले नाही. १८७०च्या सुमारास तो अल्मेरियाला परतला आणि त्याने चिनी मातीच्या भांड्यांचे दुकान थाटले. काही वर्षांनी गिटारी पुन्हा सुरू केल्या, पण दुकान आणि भाडेकरू यांच्या जोडीने. उतारवयात त्याच्या ओळखीच्या एका धर्मगुरूने त्याला आपले गुपित लिहून ठेवण्याविषयी सुचवले. तेव्हा, ते माझ्याबरोबरच जाणार, कारण ते अंगठा आणि तर्जनी यांच्या टोकांत आहे, अशा अर्थाचे उत्तर तोरेसने दिल्याचे त्या धर्मगुरूने पुढे लिहून ठेवले आहे. तबली दोन बोटांत धरून तिची जाडी आणि लवचीकता जोखणे हे त्या गुपिताचे स्वरूप. ते लिहून ठेवता येत नव्हते, हे त्याचे म्हणणे खरेच असावे.

अमेरिका : वहीतील मागण्या

अमेरिकेतील गिटारच्या कारखानदारीचा आरंभ ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन या जर्मन कारागिरापासून होतो. मार्कनॉयकिर्शन गावी सुतारकाम करणाऱ्यांनी गिटारी कराव्यात की नाही यावर व्हायोलिन कारागिरांच्या संघाने हरकत घेतली होती. मार्टिन १८३३ साली न्यूयॉर्कला आला आणि काही वर्षांनी पेनसिल्व्हेनियातील नाझरेथ येथे स्थायिक झाला. हा कारखाना मोठा झाला तरी ग्राहकाचे म्हणणे ऐकण्याची त्याची सवय सुटली नाही. १९२९ साली पेरी बेक्टेल या बँजोवादकाने गिटार मागितली. बँजोच्या लांब दांडीवर खेळलेल्या त्याच्या बोटांना गिटारची दांडी आखूड वाटे. बारा पडद्यांनंतर ती पोटाला मिळते, पुढे हात जात नाही. त्याच्यासाठी कारखान्याने पोटाचा वरचा भाग चेपून चौदा पडदे मोकळे केले. काही वर्षांतच चौदा पडद्यांची दांडी हे स्टीलच्या तारांच्या गिटारचे सर्वसाधारण रूप झाले. आज जगभर जी ‘साधी’ गिटार मिळते तिच्यातील हा साधेपणा एका बँजोवादकाच्या अडचणीतून आलेला आहे. १९३३ साली गायक-अभिनेता जीन ऑट्री याने शिंपल्याच्या नक्षीने मढवलेली, स्वतःचे नाव कोरलेली मोठी गिटार करून घेतली. डी-४५ हे कारखान्याचे सर्वांत प्रतिष्ठित मॉडेल तिच्यापासून सुरू झाले. ऑट्रीची मागणी मिरवण्याची होती, बेक्टेलची बोटांची होती. इतिहासात दोन्ही टिकल्या. पण रचना बदलली ती बेक्टेलच्या मागणीने.

विजेच्या गिटारबाबत याहून गुंतागुंतीची कथा आढळते. मर्ल ट्रॅव्हिस हा केंटकी प्रांतातील वादक. स्टील गिटारचा स्वर दीर्घकाळ टिकतो, तसा आपल्याही गिटारचा टिकावा आणि सहाही खुंट्या एकाच बाजूला असाव्यात म्हणजे तारा लावणे सोपे जाईल, अशी त्याची इच्छा होती. त्याने कागदावर आकृती काढून पॉल बिग्सबी यांच्याकडे दिली. बिग्सबी कॅलिफोर्नियातील, साचे घडवणे आणि मोटारसायकली यांत हात मुरलेला माणूस. १९४८ साली त्यांनी ती भरीव अंगाची, पातळ गिटार तयार केली. दोनच वर्षांनी लिओ फेंडर यांची भरीव विजेची गिटार बाजारात आली आणि तिच्याही खुंट्या एकाच रांगेत होत्या. कोणी कोणाचे घेतले, यावर पुढे बरेच वाद झाले. इतिहासाच्या अभ्यासकाने त्यात एक गोष्ट लक्षात घ्यावी : एका बाजूला सहा खुंट्या ही कल्पना एकोणिसाव्या शतकातील व्हिएन्नाच्या योहान श्टाउफर यांच्या गिटारींवर, आणि मार्टिनच्या अगदी आरंभीच्या गिटारींवरही आढळते. ‘पहिला कोण’ हा प्रश्न वाद्यांच्या इतिहासात फारसा फलदायी ठरत नाही. ट्रॅव्हिसने आपली गरज कागदावर उतरवली आणि बिग्सबींच्या हातांना ती उमगली, एवढे निर्विवाद आहे.

लेस पॉल यांचा अनुभव वेगळा. १९४०-४१च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये एपिफोन कंपनीच्या कारखान्यात, सुट्टीच्या दिवशी, त्यांनी चार इंच बाय चार इंचाच्या पाइनच्या ओंडक्यावर तारा आणि पिकअप बसवले. पिकअप म्हणजे तारेचा कंप विजेच्या प्रवाहात रूपांतरित करणारे चुंबकाचे वेटोळे. स्वर उत्तम टिकला. पण श्रोत्यांना ओंडका पाहवेना, म्हणून त्यांनी जुन्या गिटारचे दोन अर्धे भाग कापून त्याच्या दोहो बाजूंना चिकटवले. गिब्सन कंपनीने ही कल्पना आधी नाकारली. १९५२ साली, फेंडरचे यश पाहिल्यावर, तिने लेस पॉल यांचे नाव दिलेली भरीव गिटार काढली. त्या गिटारच्या प्रत्यक्ष रचनेत लेस पॉल यांचा वाटा किती आणि कारखान्यातील मंडळींचा किती, याविषयी परस्परविरोधी निवेदने उपलब्ध आहेत. नाव मात्र एकाचेच राहिले.

शेकोटीची चौकट आणि विणकामाची सुई

वादक आणि कारागीर हे एकच असले तर काय होते? याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे ब्रायन मे यांची ‘रेड स्पेशल’. १९६३ सालच्या ऑगस्टमध्ये, सोळा वर्षांच्या ब्रायनने वडील हॅरॉल्ड यांच्यासह लंडनजवळच्या आपल्या घरी ती करायला घेतली. फेंडर वा गिब्सन विकत घेण्याची ऐपत नव्हती. वडील इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार होते. सुमारे दोन वर्षे काम चालले.

या गिटारचे साहित्य पाहिले तर एखाद्या घराची भांडारवहीच वाचल्यासारखे वाटते. दांडी एका जुन्या शेकोटीच्या महोगनीच्या चौकटीतून काढली. लाकडाला किडीची भोके होती, ती आगकाड्यांनी बुजवली. अंगासाठी जुन्या टेबलाचे ओक लाकूड वापरले. पडद्यांवरील खुणांसाठी आईच्या शिवणाच्या पेटीतील शिंपल्याची बटणे घासून घेतली. स्वर हलवण्याच्या दांड्यासाठी सायकलच्या पिशवीचा आधार वापरला आणि त्याच्या टोकाला विणकामाच्या सुईचे टोक बसवले. त्या यंत्रणेतील स्प्रिंगा मोटारसायकलच्या इंजिनातील होत्या. हे सारे कौतुकाने वारंवार सांगितले जाते. परंतु काटकसरीच्या या कथेमागे जो काटेकोर विचार होता, तो अनेकदा झाकला जातो.

एक उदाहरण पुरे. स्वर हलवण्याच्या यंत्रणेत मुख्य अडचण घर्षणाची असते. दांडा सोडल्यावर तारा नेमक्या मूळ स्वरावर परत आल्या पाहिजेत. कोठेही थोडी अडकण झाली की वाद्य बेसूर होते. मे पिता-पुत्रांनी संपूर्ण यंत्रणा कठीण केलेल्या पोलादाच्या सुरीच्या धारेवर तोलून धरली, तराजूचा काटा तोलतात तशी. पिकअपचेही तसेच. ब्रायनने आधी ते घरी केले. पण तार बाजूला ओढली की खरखर ऐकू येई, कारण चुंबकांची ध्रुवरचना त्या हालचालीला अनुकूल नव्हती. अखेरीस बर्न्स कंपनीचे तीन पिकअप विकत आणून, त्यांत रेझिन भरून, प्रत्येकाला स्वतंत्र चालू-बंदची आणि ध्रुव उलटवण्याची कळ दिली. या कळांच्या जुळणीतून जे निरनिराळे स्वरवर्ण निघतात, त्यांवर क्वीन या वृंदाची ओळख उभी राहिली. अंगात पोकळ्या ठेवल्या त्याही हेतुपुरस्सर : ध्वनिवर्धकाच्या आवाजाने तारांनी पुन्हा कंप पावावे आणि त्यावर वादकाचा ताबा असावा, यासाठी. ब्रायन मे यांनी पुढे २००७ साली खगोलभौतिकीत डॉक्टरेट मिळवली, हे कळल्यावर या गिटारचे नवल काहीसे कमी होते. (याच वृंदाचे गायक फ्रेडी मर्क्युरी हे शाळकरी वयात पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत होते, तेथील वाद्यवृंदात ते पियानो वाजवत. तेवढाच आपला संबंध.)

या गिटारची खरी परीक्षा तिची प्रतिकृती करताना झाली. १९९०च्या दशकात ऑस्ट्रेलियाचे कारागीर ग्रेग फ्रायर यांनी मूळ वाद्याची मापे घेऊन तीन प्रतिकृती घडवल्या आणि १९९८ साली मूळ गिटारची दुरुस्तीही केली. घरातल्या अडगळीतून आलेले प्रत्येक माप दुसऱ्या कारागिराला आता जाणीवपूर्वक पुन्हा आणावे लागले. नाइलाजाने स्वीकारलेली मर्यादा कालांतराने प्रमाण होऊन बसते, याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

राग आणि पडदे

भारतीय संगीताने गिटारपुढे जी मागणी ठेवली ती आवाजाची वा सोयीची नव्हती. ती वाद्याच्या मूळ स्वभावालाच आव्हान देणारी होती. गिटारचे पडदे घट्ट बसवलेले, बारा समान अंतरांत विभागलेले. राग मागतो तो दोन स्वरांमधला प्रवास : मींड, गमक, आंदोलन. हा पेच दोन वेगळ्या वाटांनी सोडवण्यात आला.

पहिली वाट पडदे ठेवून शोधलेली. ब्रिटिश वादक जॉन मॅकलॉफ्लिन यांनी १९७०च्या दशकाच्या मध्यास व्हायोलिनवादक एल. शंकर, तबलावादक झाकीर हुसेन आणि घटमवादक टी. एच. विनायकराम यांच्यासह ‘शक्ती’ हा वृंद उभारला. वीणेचा अभ्यास केलेल्या मॅकलॉफ्लिन यांना तिच्याप्रमाणे तार खेचून गमक घेता यावी आणि तरफांचा झंकारही मिळावा, असे वाटत होते. गिब्सन कंपनीसाठी काम करणाऱ्या एब्राहम वेक्टर यांनी जे-२०० या मोठ्या गिटारच्या आधारे त्यांचे वाद्य घडवले. सहा मुख्य तारांखाली, ध्वनिछिद्रावरून तिरक्या जाणाऱ्या सात तरफा. आणि दोन पडद्यांमधले लाकूड खरवडून केलेले खोलगट गाळे. या खोलगटपणामुळे बोटाच्या टोकाला पट्टीचे लाकूड लागत नाही, तार मोकळेपणी आडवी ओढता येते. सरस्वती वीणेत मेणावर उंच बसवलेले पडदे जे काम करतात, तेच येथे लाकूड काढून टाकून साधले आहे.

याची किंमतही होती. तरफा म्हणजे अधिक ताण, आणि साध्या स्टीलच्या सहा तारांचाच ताण सुमारे ७० ते ८० किलो भरतो. शिवाय प्रत्येक रागानुसार सात तारा नव्याने मिळवाव्या लागतात. खोलगट पट्टीवर बोट थोडे जोराने दाबले तरी स्वर चढतो. अर्थात वादकाला आपला हात नव्याने घडवावा लागतो. मागणी करणाऱ्याला वाद्य मिळते आणि त्या वाद्याची उलट मागणीही पुरवावी लागते. तारेगा काय किंवा मॅकलॉफ्लिन काय, दोघांच्या बाबतीत हे खरे आहे.

दुसरी वाट पडदे निरुपयोगी करून टाकणारी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाई बेटांवर गिटार मांडीवर आडवी ठेवून, तारांवर धातूची कांडी सरकवत वाजवण्याची पद्धत रूढ झाली. जोसेफ केकुकु यांचे नाव तिच्याशी जोडले जाते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फिरत्या हवाईयन कलावंतांबरोबर ती भारतात आली. त्यांपैकी टाउ मो यांच्या कुटुंबाचे १९४०च्या दशकात कोलकात्यात वास्तव्य होते. हिंदी चित्रपटसंगीताने ती लगोलग उचलली. कांडी सरकवताना मींड आपोआप मिळते, कारण स्वर आणि स्वर यांच्यात पडद्याची भिंतच उरत नाही.

रागसंगीताला मात्र तेवढ्याने भागेना. जोधपूरला जन्मलेले आणि उस्ताद अली अकबर खाँ यांच्याकडे शिकलेले पं. ब्रिजभूषण काब्रा (१९३७-२०१८) यांनी गिटारला चिकारीसारखी तार जोडून तिला आलाप-जोड-झाल्याच्या वाटेवर आणले. १९६७ सालच्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत पं. शिवकुमार शर्मा यांचे संतूर आणि पं. हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी यांच्या बरोबरीने तिला स्थान मिळाले. पं. विश्वमोहन भट्ट यांनी पुढचे पाऊल टाकले. त्यांच्या मोहनवीणेत रागाच्या मुख्य तारा, चिकारी व आधारस्वराच्या तारा आणि तरफा मिळून एकोणीस-वीस तारा आहेत. अमेरिकन वादक राय कूडर यांच्याबरोबरच्या ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ला १९९४ साली ग्रॅमी मिळाला, तेव्हा हे वाद्य जगाला कळले. काब्रांचे शिष्य देबाशिष भट्टाचार्य यांनी चतुरंगी, गांधर्वी आणि आनंदी अशी तीन वाद्ये योजली. त्यांपैकी आनंदी केवळ चार तारांची आहे, ही बाब विशेष सूचक वाटते. वाढवत जाणे हाच विकास, असे समजण्याचे कारण नाही.

नावांचा प्रश्न येथेही सुटत नाही. ‘मोहनवीणा’ हे नाव भट्ट यांच्या आधी, १९४०च्या दशकाच्या अखेरीस, सरोदवादक राधिका मोहन मैत्र यांनी घडवून घेतलेल्या एका निराळ्याच वाद्याला मिळालेले होते. दोन वाद्ये, एक नाव. आणि ‘मोहन’ हा दोन्ही ठिकाणी वादकच. तबली तासणाऱ्याच्या नावाने ओळखली जाणारी वीणा आपल्याकडे ऐकिवात नाही.

शिसवीचा हिशेब

स्वप्नातील गिटारचे वर्णन करणारा वादक बहुधा लाकडापासून सुरुवात करतो आणि त्यात पाठीसाठी ब्राझीलच्या रोझवूडचे नाव हमखास येते. तोरेसच्या पुठ्ठ्याच्या गिटारीने हा आग्रह १८६२ सालीच सैल करायला हवा होता. तसे झाले नाही. ब्राझीलने ओंडक्यांच्या निर्यातीवर निर्बंध घातल्यावर मार्टिन कारखाना १९६९-७०च्या सुमारास भारतीय रोझवूडकडे, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या रानांतही वाढणाऱ्या शिसवीकडे वळला. त्यानंतर अमेरिकेतील असंख्य गिटारींच्या पाठी भारतीय शिसवीच्या आहेत. ज्या लाकडाचे देव्हारे आणि पलंग आपल्या जुन्या घरांत आढळतात, तेच लाकूड पश्चिमेकडील वादकाला पाठीला टेकवावेसे वाटते.

१९९२ साली ब्राझीलच्या रोझवूडचा समावेश संकटग्रस्त प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात झाला. जानेवारी २०१७ पासून शिसवीसह त्या कुळातील उर्वरित वृक्षांच्या व्यापारावरही नियंत्रण आले आणि परदेशी गिटार पाठवणे हे कागदपत्रांचे काम होऊन बसले. २०१९च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. दरम्यान २०११ साली अमेरिकी अधिकाऱ्यांनी गिब्सन कंपनीच्या आवारांची झडती घेतली ती भारतातून आलेल्या लाकडाच्या संदर्भात. २०१२ साली झालेल्या तडजोडीत कंपनीने ३,००,००० डॉलर दंड भरला, तो मुख्यत्वे मादागास्करच्या आबनुसाच्या प्रकरणी. लाकूड हा आता कारागिराच्या अंगठ्याने जोखण्याचा विषय राहिला नसून कायद्याचाही झाला आहे. सामान्य खरेदीदाराला याची जाणीव क्वचितच असते.

यादीतून निवडलेले स्वप्न

१९८७ साली फेंडर कंपनीने कॅलिफोर्नियात मागणीबरहुकूम गिटारी करणारा स्वतंत्र विभाग सुरू केला. इतर कंपन्यांनीही तसेच केले. लाकूड, दांडीचा घेर, पडद्यांची जाडी, पिकअप, रंग, यांतून ग्राहकाने निवड करावी आणि कारखान्याने ती जुळवून द्यावी, अशी ही पद्धत. यांतील निपुण कारागिरांचे काम निःसंशय उत्कृष्ट असते. तरीही बेक्टेल वा ट्रॅव्हिस यांच्या मागणीशी त्याची तुलना करणे कठीण आहे. त्यांनी जे मागितले ते कोणत्याच यादीत नव्हते. यादीतून निवडणाऱ्याला काय मिळणार हे आधीच ठाऊक असते. कारागिराला निरुत्तर करणारा प्रश्न त्यात उरत नाही. १९९५ पासून तर याच विभागातून, नवी असूनही मुद्दाम झिजवलेली, रंग उडालेली, गंजलेल्या खिळ्यांची गिटार मिळू लागली. दुसऱ्याच्या आयुष्याची झीज विकत घेण्याची ही हौस इतिहासाच्या अभ्यासकाला विचार करायला लावते.

मिरजेच्या सतार व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे गावाचे नाव संरक्षित झाले, आणि ते योग्यच झाले. मात्र एखाद्या गायिकेच्या गळ्यासाठी एका कारागिराने दांडीत केलेला दोन बोटांचा फरक अशा कोणत्याही नोंदणीत बसत नाही. तो लक्षात राहतो त्या कारागिराच्या, आणि शिकत असेल तर त्याच्या मुलाच्या.

तोरेसच्या बाबतीत ही उणीव भरून निघाली ती एका अनपेक्षित मार्गाने. त्याचे साधार चरित्र १९८७ साली प्रसिद्ध झाले. ते लिहिणारे होसे लुइस रोमानिल्योस (१९३२-२०२२) हे स्वतः कारागीर होते. वादक ज्युलियन ब्रीम यांच्यासाठी १९७३ साली त्यांनी घडवलेली गिटार प्रसिद्ध आहे. त्यांनी अल्मेरियातील दप्तरे धुंडाळली, उपलब्ध गिटारींची सूची केली आणि त्यांच्या तबल्यांची जाडी मिलिमीटरच्या अंशांत मोजून नकाशासारखी मांडली. अंगठा आणि तर्जनी यांच्या टोकांत जे होते, त्याचा जेवढा भाग आकड्यांत येऊ शकत होता तेवढा अशा रीतीने कागदावर आला.